पुस्तकांतला चेहरा आणि समोरचा चेहरा

गुरूवांचून विद्या नाहीं, हा समज आपल्याकडे इतका जुना आहे कीं, पुस्तक समोर ठेवून एखादी कला शिकूं पाहणाऱ्या माणसाकडे आपण थोड्याशा कौतुकानें व पुष्कळशा संशयानें पाहतों. पोहणें पुस्तकावरून येत नाहीं, स्वयंपाक पुस्तकावरून येत नाहीं, आणि गाणें तर मुळींच येत नाहीं, अशीं उदाहरणें देण्यास प्रत्येक जण तयार असतो. परंतु एक कला अशी आहे कीं, ती जगांत पसरली तीच मुळीं पुस्तकाचें बोट धरून. १८३९ सालीं पॅरिस येथें दागेर याची छायाचित्रणाची रीत प्रगट झाली. त्याच वर्षीं तिची कृति सांगणारी त्याची पुस्तिका छापून निघाली आणि थोड्याच काळांत ती युरोपांतील अनेक भाषांत गेली. शिकविणारा गुरु मिळणें कठीण होतें, कारण ती कला जाणणारीं माणसेंच मोजकीं होतीं. त्या पहिल्या पिढींतील पुष्कळसे छायाचित्रकार पुस्तकाचेच शिष्य होते.

तेव्हां पुस्तकावरून छायाचित्रण येईल काय, हा प्रश्न आम्हांस फारसा कठीण वाटत नाहीं. तें येतें, हें इतिहासानेंच दाखविलें आहे. खरा प्रश्न निराळा आहे. माणसाच्या चेहऱ्याचें चित्र घेण्याची विद्या जेव्हां आपण सचित्र पुस्तकावरून शिकतों, तेव्हां आपण नक्की काय शिकतों? केवळ कॅमेरा चालविण्यास शिकतों, कीं माणसाकडे पाहण्याची एक रीतहि नकळत उचलतों? आणि ती रीत सदोष असेल, तर तिचा भार कोणावर पडतो? शिकणाऱ्यावर तो फारसा पडत नाहीं. तो पडतो समोर खुर्चीवर बसलेल्या माणसावर. म्हणून हा प्रश्न वरवर कलेचा दिसला तरी मूळचा नीतीचा आहे, असें आम्ही समजतों.

अशा पुस्तकाची मांडणी बहुधा ठरलेली असते. एका पानावर आकृति असते, छतावरून खोलींत डोकावून पाहिलें असतां दिसेल तशी: मध्यें खुर्ची, समोर कॅमेरा, एका बाजूस दिवा आणि दुसऱ्या बाजूस उजेड परतविणारा पांढरा पुठ्ठा. समोरच्या पानावर त्या मांडणीनें आलेला चेहरा असतो, आणि खालीं चार ओळींत कृति. शिकणाऱ्यानें आकृतीप्रमाणें सामान मांडावें, कोणाला तरी खुर्चीवर बसवावें आणि आपल्या चित्रांतला चेहरा पुस्तकांतल्या चेहऱ्याशीं ताडून पाहावा, अशी ही शिकवणी आहे.

या पुस्तकाचा पहिला भाग प्रकाशासंबंधीं असतो आणि तो आम्हांस मनापासून आदरणीय वाटतो. दिवा डोळ्यांच्या पातळीहून वर आणि सुमारें ४५ अंशांनीं एका बाजूस ठेवला असतां नाकाची सावली गालावरच्या सावलीस मिळते आणि अंधारांतल्या गालावर, डोळ्याच्या खालीं, उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकांतील डच चित्रकार रेम्ब्राँ याच्या चित्रांत अशा तऱ्हेचा उजेड दिसतो, म्हणून या रीतीला त्याचें नांव मिळालें आहे. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदीं जवळ नेला, तर सर्वांत पुढें असलेलें नाक वाजवीपेक्षां मोठें आणि मागें असलेले कान लहान येतात; म्हणून ५-६ फूट मागें उभें राहावें आणि ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यास ८५ पासून १०५ मिलिमीटरपर्यंतचें भिंग लावावें. दोन डोळ्यांपैकीं कॅमेऱ्यास जवळचा जो डोळा, तो स्पष्ट आला पाहिजे. डोळ्यांत दिव्याचा बारीक ठिपका चमकला नाहीं, तर नजर विझल्यासारखी दिसते. माणूस भिंतीला टेकून बसला, तर त्याची सावली भिंतीवर उमटते. त्याला तीन-चार हात पुढें घेऊन बसवावें.

हे नियम खरे आहेत, आणि कोणी थोर माणसानें सांगितले म्हणून खरे आहेत असें नव्हे. घरांतल्या खिडकीपाशीं पाटावर एक मडकें ठेवावें आणि कोणीहि ते पडताळून पाहावे. शिवाय पुस्तकाच्या शिकवणींत एक मोठा सद्गुण आहे, तो आपण विसरूं नये. आपल्याकडे कारागिरीची विद्या बहुधा घराण्यांत राहत असे. बापानें मुलाला सांगावी, उस्तादानें शागिर्दाला वर्षानुवर्षें राबवून मग थोडीशी द्यावी, अशी चाल होती. पुस्तक शिष्याची जात विचारीत नाहीं, वय विचारीत नाहीं, तो बाई आहे कीं पुरुष हेंहि विचारीत नाहीं. दादासाहेब फाळके यांचें उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहून त्यांच्या मनानें घेतलें. सिनेमाचीं मूळाक्षरें शिकविणारें इंग्रजी पुस्तक त्यांनीं मिळवून अभ्यासिलें, आणि १९१२ सालीं लंडनला जाऊन यंत्र व प्रत्यक्ष माहिती हस्तगत केली. ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईंत लोकांपुढें आला. बडोद्याच्या कलाभवनांतलें शिक्षण आणि छायाचित्रणाच्या धंद्याचा अनुभव त्यांच्या गांठीं होता, हें खरें. पण पहिलें पाऊल कोठें टाकावें हें दाखविण्याचें काम पुस्तकानें केलें, हेंहि तितकेंच खरें.

परंतु पानें उलटतां उलटतां या पुस्तकाचा सूर बदलतो. प्रकाशाचा भाग संपून माणसांचा भाग सुरू होतो आणि त्यांत एक प्रकरण हटकून असतें तें चेहऱ्यांतील दोषांचें. हनुवटीखालीं दुसरी हनुवटी दिसत असेल, तर कॅमेरा थोडा वर घ्यावा. टक्कल असेल, तर कॅमेरा खालीं आणावा आणि डोक्यावर पडणारा उजेड अडवावा. नाक लांब असेल, तर चेहरा सरळ समोर ठेवावा. चेहरा वाटोळा असेल, तर कॅमेऱ्याकडची बाजू सावलींत ठेवावी. निमुळता असेल, तर तीच बाजू उजेडांत घ्यावी. सुरकुत्या असतील, तर समोरून मऊ उजेड टाकावा. यांतील प्रत्येक युक्ति उपयोगी पडते. मऊ उजेडांत सुरकुत्या खरोखरच कमी दिसतात आणि सावलींत घेतलेला वाटोळा गाल खरोखरच बारीक भासतो. म्हणूनच शिकणारा फसतो. ज्या पुस्तकानें नाकाच्या सावलीविषयीं खरें सांगितलें, तें नाकाच्या लांबीविषयींहि खरेंच सांगत असणार, असें तो गृहीत धरतो. परंतु मऊ उजेडानें सुरकुत्या कमी दिसतात हें प्रकाशशास्त्र झालें. सुरकुत्या कमी दिसाव्या, हें कोणतें शास्त्र?

आमच्या मतें येथें एक साधी कसोटी लावतां येते. जो नियम खिडकीपाशीं ठेवलेल्या मडक्यालाहि लागू पडतो, तो प्रकाशाचा नियम. जो मडक्याला लागू पडत नाहीं, ज्यांत ‘चांगलें दिसणें’ हे शब्द उघड किंवा छपून यावेच लागतात, तो नियम नव्हे, तें मत होय. मडक्याचें पोट वाटोळें आहे म्हणून तें सावलींत लपवा, असें कोणी म्हणत नाहीं. मत असणें यांत पाप नाहीं. पुस्तकाच्या कर्त्यालाहि मत असावयाचेंच. मात्र नियम आणि मत एकाच कव्हरांत, एकाच आवाजांत आणि एकाच क्रमांकाच्या ओळींत बसविले गेले, म्हणजे शिकणाऱ्याला एक संपून दुसरें कोठें सुरू झालें हें कळत नाहीं. तो उजेड मापावयास शिकतां शिकतां माणसें मापावयास शिकतो. पुढें त्याच्यासमोर एखादी म्हातारी येऊन बसते, तेव्हां त्याला प्रथम आजी दिसत नाहीं. प्रथम दिसतात सुरकुत्या, आणि त्यांवरचा उपाय कोणत्या पानावर आहे तें आठवतें.

ही कसोटी लावूनहि सावध राहावें लागतें, कारण कांहीं मतें प्रकाशाच्या नियमाचा वेष घेऊन येतात. प्रकाश मापणाऱ्या यंत्राला गोरें-सांवळें कळत नाहीं. समोर जें असेल तें मध्यम करड्या रंगाचें आहे असें धरून तें किती उजेड आंत घ्यावा हें सांगतें. आणि या मध्यम करड्याचें प्रमाण म्हणून, पडलेल्या उजेडापैकीं शेंकडा १८ भाग परत टाकणारा एक पुठ्ठा छायाचित्रकार जवळ ठेवतात. आतां पाश्चात्य पुस्तकांतून एक सोपी सूचना आढळते: माप चेहऱ्यावरून घ्यावें आणि भिंग एक पायरी अधिक उघडावें, म्हणजे दुप्पट उजेड आंत घ्यावा. याचें कारण असें कीं, गोऱ्या माणसाची कातडी त्या करड्या पुठ्ठ्याच्या सुमारें दुप्पट उजळ असते. सूचना बिनचूक आहे. ती कोणाच्या चेहऱ्यासाठीं आहे, एवढेंच तींत सांगितलेलें नसतें. उन्हांत रापलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर हीच सूचना शब्दशः पाळली, तर तो चेहरा आहे त्याहून कितीतरी फिका उमटतो आणि त्याच्या कपाळावरच्या तुकतुकीच्या जागीं पांढरट डाग येतो. अमेरिकेंत ॲन्सेल ॲडम्स व फ्रेड आर्चर यांनीं १९४० च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या पायऱ्या पाडून एक शास्त्रशुद्ध पद्धति बसविली. तींत उन्हांतल्या गोऱ्या कातडीची पायरी मध्यम करड्याच्या एक वर धरली आहे. पण समोरच्या वस्तूची पायरी छायाचित्रकारानें प्रत्येक वेळीं स्वतः पाहून ठरवावी, हें त्या पद्धतीचें मर्म आहे. मर्म सोडून नुसती पायरी उचलली, कीं नियमाचा पूर्वग्रह होतो.

पुस्तकांतला पूर्वग्रह पुढें यंत्रांतहि शिरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रंगीत चित्रें छापणाऱ्या प्रयोगशाळांना कोडॅक कंपनीकडून नमुन्याचें एक चित्र मिळत असे. त्यावर एक गोरी तरुणी असे आणि त्या चित्राला ‘शर्ली कार्ड’ असें नांव पडलें होतें. तिच्या कातडीचा रंग नीट उतरला, कीं रंग बरोबर आले असें समजावयाचें. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलें कार्ड १९९० च्या दशकांत आलें. आज तर कॅमेरा प्रत्येकाच्या खिशांत, फोनमध्येंच आहे. मागचा देखावा पुसट करण्याचें काम लांब पल्ल्याच्या भिंगावांचून तो गणितानें करतो, आणि कित्येक फोन न विचारतां कातडी गुळगुळीत करतात, रंग उजळवितात. दोषांच्या प्रकरणाची उजळणी आतां बोट दाबण्यापूर्वींच झालेली असते. पुस्तक निदान उघडावें लागत असे, वाचून त्याच्याशीं वाद घालतां येत असे. यंत्राच्या पोटांतलें मत वाचतां येत नाहीं, म्हणून तें मत आहे अशी शंकाहि येत नाहीं.

चेहऱ्याचा नमुना बनविण्याची ही खोड आपल्या मुंबई शहराला फार पूर्वीं परिचित झाली होती. १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. म्हणजे ही कला पश्चिमेकडे जन्मली, त्यानंतर पंधरा वर्षांच्या आंत तिनें येथें घर केलें. त्याच मुंबईंत विल्यम जॉन्सन यानें येथील रहिवासी व पाहुणे यांच्या निरनिराळ्या जातीजमातींचीं छायाचित्रें दोन भागांत प्रसिद्ध केलीं, पहिला भाग १८६३ सालीं आणि दुसरा १८६६ सालीं. त्यांतील माणसें एका ठिकाणीं टिपलेलीं आणि त्यांच्या मागचीं स्थळें दुसरीकडचीं. दोन्ही जोडून एक चित्र केलेलें. चित्राखालीं जातीचें नांव येतें, माणसाचें येत नाहीं. पुढें १८६८ पासून १८७५ पर्यंत सरकारनें ‘दि पीपल ऑफ इंडिया’ या नांवानें आठ खंड काढले, त्यांतहि दृष्टि तीच: हा चेहरा कोणाचा, हा प्रश्न नव्हे, हा चेहरा कशाचा, हा प्रश्न. दोषांच्या प्रकरणांतला छायाचित्रकार आणि जातींचे खंड काढणारा साहेब यांच्या हेतूंत अंतर आहे, हें आम्ही मान्य करतों. एक खूष करूं पाहतो, दुसरा वर्गवारी करूं पाहतो. परंतु दोघांच्याहि मनांत चेहऱ्याचा साचा आधीं तयार असतो आणि माणूस मागाहून येतो.

याच्या उलट आपल्या घरांतल्या भिंतीवरचीं जुनीं चित्रें पाहावीं. पणजोबा खुर्चीवर ताठ बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर थेट समोर. शेजारीं पणजी लुगड्याचा पदर सांवरून उभी. मागें स्टुडिओचा रंगविलेला पडदा, एखादा खांब किंवा झाडाची कुंडी. सचित्र पुस्तकाच्या दृष्टीनें यांत पुष्कळ चुका निघतील: अंग तिरपें नाहीं, हात अवघडले आहेत, ओंठांवर हांसूं नाहीं, चेहरा अंगाच्या मानानें लहान आला आहे. जुन्या काळीं फार वेळ निश्चल बसावें लागे, हें या ताठपणाचें एक कारण आहेच. परंतु तें पुरें कारण नव्हे, कारण यंत्रें जलद झाल्यावरहि कित्येक वर्षें माणसें तशींच बसत राहिलीं. आमची समजूत अशी कीं, तो ताठपणा त्यांनीं स्वतः पत्करलेला होता. आपण नातवंडा-पतवंडांपुढें कसें दिसावें, हें त्यांनीं ठरविलें होतें. सहज नव्हे, तर सन्मानानें. पुस्तक ज्याला अवघडलेपणा म्हणतें, तो त्यांचा शिष्टाचार होता. छायाचित्रकारानें त्यांना ‘मोकळें’ करण्याचा आग्रह धरला असता, तर चित्र पुस्तकाप्रमाणें अधिक चांगलें आलें असतें आणि त्या माणसांचें मात्र राहिलें नसतें.

यावर कोणी म्हणेल कीं, पुस्तक दूर सारावें आणि प्रतिभेवर विसंबावें, म्हणजे हा घोटाळा होणार नाहीं. तसें दिसत नाहीं. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरन ही बाई १८१५ सालीं कलकत्त्यास जन्मली. १८६३ च्या डिसेंबरांत, वयाच्या ४८ व्या वर्षीं, मुलीनें व जांवयानें तिला कॅमेरा भेट दिला आणि ती आपली आपण शिकली. तिचे चेहरे मुद्दाम किंचित् अस्पष्ट असत. त्याबद्दल त्या वेळच्या जाणत्या छायाचित्रकारांनीं तिला पुष्कळ बोल लावला. आज त्याच चित्रांची गणना त्या शतकांतील उत्तम व्यक्तिचित्रांत होते. ज्योतिषी हर्शेल आणि ग्रंथकार कार्लाइल यांचीं तिनें १८६७ सालीं घेतलेलीं चित्रें पाहिलीं, म्हणजे माणसाचें अंतरंग उजेडांत आणण्याची तिची तळमळ दिसते. येथें नियम मोडून काम साधलें. परंतु तिच्याच घरची मोलकरीण मेरी हिलियर हिचीं तिनें घेतलेलीं चित्रें पाहावीं. तींत ही मुलगी वारंवार येशूची माता म्हणून बसलेली आहे. हर्शेल हा हर्शेल म्हणून बसतो, कार्लाइल हा कार्लाइल म्हणून. मोलकरणीला मात्र दुसऱ्या कोणाचा तरी चेहरा होऊन बसावें लागतें. तीं चित्रें सुंदर आहेत, यांत वाद नाहीं. पण पुस्तक फेंकून दिल्यानें साचा जात नाहीं. पुस्तकाचा जाऊन स्वतःचा येतो, इतकेंच.

या प्रश्नाची खोली दाखविणारें उदाहरण अमेरिकेंतलें आहे. १९३६ च्या मार्च महिन्यांत कॅलिफोर्नियांतील निपोमो या गांवाजवळ, वाटाण्याच्या शेतांवर मजुरी शोधीत आलेल्या कुटुंबांच्या छावणींत, सरकारी खात्यासाठीं काम करणाऱ्या डोरोथिया लँग हिनें एका आईचें मुलांसह चित्र घेतलें. मुलें तोंड फिरवून खांद्याला बिलगलेलीं, आईचा हात गालापाशीं आणि नजर दूर कोठें तरी. ‘स्थलांतरित माता’ या नांवानें तें चित्र सर्व जगांत गेलें. त्यानें उपकारहि केला. चित्र वृत्तपत्रांत येतांच छावणीकडे अन्नधान्य पाठविण्यांत आलें. परंतु तोंवर ती बाई मुलांना घेऊन पुढें निघून गेली होती. लँगनें तिचें नांव विचारलें नव्हतें. तें नांव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, जगाला १९७८ सालीं कळलें. आणि ती वंशानें चेरोकी, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकीं होती, हेंहि मागाहून कळलें. चित्र जगभर फिरलें, आपल्याला त्यापासून कांहीं मिळालें नाहीं, ही खंत तिनें बोलून दाखविली. चित्रांत तंत्राची उणीव काढतां येणार नाहीं, हेतु तर उदार होता. तरीहि एक गोष्ट राहून गेली, आणि ती कोणत्याहि सचित्र पुस्तकाच्या अनुक्रमणिकेंत सांपडत नाहीं: बाई, तुमचें नांव काय, हा प्रश्न.

आतां आमच्या म्हणण्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप पाहूं. व्यवहार जाणणारा वाचक म्हणेल, “तुम्ही साच्याला दोष देतां, पण खुर्चीवर बसणारा स्वतःच साचा मागतो त्याचें काय? लग्नासाठीं मुलीचा फोटो काढावयास आलेली आईच सांगते कीं, रंग जरा उजळ येऊं द्या. म्हाताऱ्यालाहि सुरकुत्या नको असतात. मग छायाचित्रकारानें काय उपदेश करीत बसावें?” हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. चित्र ज्याचें, त्याची इच्छा मोठी. पणजोबांचा ताठपणा आम्हीं ज्या न्यायानें मानला, त्याच न्यायानें म्हाताऱ्याची ही हौसहि मानली पाहिजे. पण त्या आईच्या तोंडून कोण बोलतें, हेंहि पाहिलें पाहिजे. मुलीच्या सांवळेपणाला दोष ठरविणारें मत तिनें निर्माण केलेलें नाहीं. तें तिला सासरच्या मंडळींच्या धाकानें सोसावें लागतें. आणि मुलीला मात्र कोणी विचारलेलेंच नसतें. शिवाय उजेडाची मांडणी बदलून चेहऱ्याचें एक खरें रूप दाखविणें आणि जो रंग तिच्या अंगावर नाहीं तो चित्रांत घालणें, यांत अंतर आहे. पहिलें आर्जव होय, दुसरें असत्य होय. आणि त्या असत्याची भरपाई लग्नानंतर त्या मुलीला, प्रत्यक्ष आणि चित्र यांची तुलना ऐकत, करावी लागते. छायाचित्रकारानें उपदेश करूं नये हें मान्य. परंतु सांवळा रंग मूळच्या तेजासकट उमटविण्याइतकें कसब त्यानें अंगीं आणावें, आणि तें चित्र आधीं मुलीच्या हातांत द्यावें. उजळ रंगाची मागणी कित्येकदां सांवळ्या रंगाचें चांगलें चित्र कधीं पाहिलेलेंच नसल्यामुळें होत असते.

यावरून पुस्तकाची खरी किंमत कोणती, हेंहि ठरवितां येतें. प्रकाशाचा भाग शिकणाऱ्यानें इतका घोटावा कीं, दिवा कोठें ठेवावा, भिंग किती उघडावें, याचा विचार हातानेंच करावा आणि डोकें मोकळें राहावें. ज्याला अजून भिंगाची काळजी आहे, तो समोरच्या माणसाशीं बोलूं शकत नाहीं. त्याचें लक्ष कॅमेऱ्याच्या पाठीकडे असतें आणि माणूस खुर्चीवर एकटा पडतो. म्हणून नियम नीट न शिकणें हाहि माणसाचा एक प्रकारचा अनादरच आहे. नियमांचा उपयोग नियमांकडे पाहावें लागूं नये यासाठीं. मग मोकळें झालेलें लक्ष कोठें द्यावें, हें मात्र पुस्तक सांगूं शकत नाहीं, कारण जो माणूस उद्यां आपल्यापुढें येऊन बसणार आहे, त्याला पुस्तकाच्या कर्त्यानें पाहिलेलें नाहीं.

तेव्हां दोषांचें प्रकरण फाडून टाकावें, असें आमचें सांगणें नाहीं. तें वाचावें, त्यांतील युक्त्याहि शिकून ठेवाव्या. मात्र ‘दोष’ हा शब्द पुसून त्या जागीं प्रश्न ठेवावा. सुरकुत्या दाखवाव्या कीं मवाळ कराव्या? हात गुडघ्यांवर असावे कीं मांडींत? नजर समोर असावी कीं दूर? या प्रश्नांचीं उत्तरें खुर्चीवर बसलेल्या माणसापाशीं असतात, आणि तीं मिळविण्यास पांच-दहा मिनिटांच्या बोलण्याखेरीज दुसरें कांहीं लागत नाहीं. त्या बोलण्याची सुरुवात नांव विचारण्यापासून करावी. चित्र तयार झालें म्हणजे तें प्रथम त्याच माणसाला दाखवावें, आणि हें तुमचेंच आहे ना, असें विचारून त्याचें उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी. तो ‘नाहीं’ म्हणाला, तर पुस्तकांतल्या चित्राशीं आपलें चित्र कितीहि जुळत असलें, तरी तें पुन्हां घ्यावें.